अनुभव धागा: घराबाहेर असताना मोबाईलवर पाहिलेली (किंवा हुकलेली) फुटबॉल मॅच

गोदाकाठ:

परवा कॉलेज रोडला टपरीवर एक मुलगा स्कूटरच्या आरशाला मोबाईल टेकवून मॅच बघत होता. हातातला चहा गार, वर साय धरलेली. मी विचारलं, "कोण खेळतंय रे?" तर मान न वळवता म्हणाला, "काका, थांबा." मी थांबलो. कॉर्नर होता. त्यातून काही झालं नाही, मग त्याने सुस्कारा टाकून नीट उत्तर दिलं, आणि मीही तिथेच वीस मिनिटं उभा राहिलो. घरी दुधाची पिशवी न्यायची होती.

तिथेच डोक्यात आलं की एक धागा काढावा. नाशिकच्या, नाशिकहून बाहेर गेलेल्या, कुणीही लिहा. अट एकच, घरच्या सोफ्यावर बसून पाहिलेली मॅच नको. प्रवासात, परदेशात, लग्नात, कामावर, जिथे टीव्ही नव्हता आणि मॅच तर बघायचीच होती, असं काही.

सुरुवात माझ्यापासून. 2014 चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये, म्हणजे आपल्याकडे बऱ्याच मॅच मध्यरात्रीनंतर. ब्राझील-जर्मनी सेमी फायनल 9 जुलैच्या रात्री दीडला. त्याच दिवशी आषाढी एकादशी, म्हणून आईला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला घेऊन त्र्यंबकला मामाकडे गेलो होतो. मामाकडे टीव्ही होता, पण मामा-मामीच्या झोपायच्या खोलीत. रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला. जर्मनीच्या म्यूलरचा पहिला गोल पाहिला आणि स्क्रीनवर चकरी फिरायला लागली. फिरतेय, फिरतेय. चित्र परत आलं तेव्हा कोपऱ्यात 0-5. ॲप गंडलं असं समजून फोन बंद करून परत चालू केला. परत 0-5! 23 ते 29 या सहा मिनिटांत चार गोल झाले होते आणि मी चकरी बघत होतो. शेवट 1-7. सकाळी मामी साबुदाण्याची खिचडी वाढताना म्हणाली, "डोळे का रे लाल?" म्हटलं, "एकादशीचा जागर."

आता तुम्ही.

पंचवटी_पास:

2018, 30 जून, शनिवार. मुंबईतल्या आमच्या ऑफिसला शनिवारची सुट्टी नाही, त्यामुळे संध्याकाळी पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला परत. त्या दिवशी वर्ल्ड कपची फ्रान्स-अर्जेंटिना साडेसातला. गाडी सव्वासहाला सुटते, म्हणजे मॅच सुरू होते तेव्हा आपण कल्याणच्या आसपास, आणि मध्यंतराला कसारा. ज्याने हा प्रवास केलाय त्याला पुढचं सांगायला नको.

आमच्या डब्यात रोजची मंडळी. पत्ते कुटणारे, भजनवाले, झोपणारे. त्या दिवशी पत्त्यांच्या जागी मधल्या सूटकेसवर माझा फोन, स्टीलच्या डब्याला टेकवून. आठ-दहा डोकी. फुटबॉल कळणारे तिघे, बाकीचे मेस्सीसाठी. एक जोशीकाका तर सरळ म्हणाले, "तो बुटका कुठला तेवढं दाखव, बाकी मी बघतो."

पहिला हाफ व्यवस्थित गेला. फ्रान्सची पेनल्टी, मग डी मारियाचा लांबून मारलेला गोल, 1-1. गाडी थोडी लेट होती. कसाऱ्याला मागून बँकर (घाट चढताना गाडी ढकलणारी जादा इंजिनं) लागले, तो ओळखीचा हलका धक्का बसला, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पुढे बोगदे. दोन बोगद्यांच्या मध्ये जेवढं आकाश तेवढीच मॅच. एकदा चित्र आलं तर अर्जेंटिना 2-1 पुढे, डब्यात जल्लोष. बोगदा. पुन्हा आलं तर कुणीतरी फ्रेंच केस उडवत कोपऱ्याकडे पळतोय, 2-2. (तो पाव्हार. तो गोल मी नंतर पन्नास वेळा पाहिला असेन, पण पहिल्यांदा पाहायला मिळाला नाही ही खंत आहेच.) बोगदा. बाहेर धुकं आणि पाऊस, फोन गरम, चार्ज 11 टक्के. इगतपुरीला रेंज आली तेव्हा फ्रान्स 4-2 पुढे, एम्बाप्पेने चार मिनिटांत दोन मारून झाले होते.

जोशीकाका म्हणाले, "म्हणजे बोगद्यात काही आपलं भलं होत नाही." शेवटी 4-3 झालं तेव्हा आम्ही घोटीच्या पुढे होतो आणि फोन बंद पडलेला. शेवटचा गोल नाशिकरोडला रिक्षावाल्याने सांगितला.

युनायटेड_जुना:

माझ्या वेळी व्हिडिओ वगैरे नव्हता बाबांनो. 13 मे 2012, औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्सवर मावसभावाचं रिसेप्शन. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस, सगळ्या मॅच आपल्या साडेसातला. आमची मँचेस्टर युनायटेड जिंकली, ट्रॉफीच्या शर्यतीतली मँचेस्टर सिटी 90 मिनिटांनंतर क्यूपीआर या क्लबविरुद्ध 1-2 मागे. मी बटणवाल्या फोनवर मजकुराचं पान रिफ्रेश करत जेवणाच्या रांगेत. एक पान उघडायला मिनिटभर. ताटात मठ्ठा आणि जिलबी पडेपर्यंत ट्रॉफी आपली. मी भावाला मिठी मारली, त्याला वाटलं लग्नाबद्दल. पुढचं रिफ्रेश: 2-2. पुढचं: 3-2, अग्वेरो, 93व्या मिनिटाला. जिलबी कुणाला दिली आठवत नाही.

मु_पो_मँचेस्टर:

वरच्या काकांना दुखऱ्या जागी हात लावल्याबद्दल क्षमस्व, पण माझी गोष्टही युनायटेडचीच.

सप्टेंबर 2021. एमएस्सीसाठी मँचेस्टरला पोचलो. तेव्हा भारतातून येणाऱ्यांना दहा दिवस खोलीतच राहावं लागे, कारण आपले दोन्ही डोस झालेले असले तरी ते तिथे धरत नव्हते. खोलीत एक पलंग, एक खिडकी, आईने दिलेले मेतकूट-चिवडा. आणि 11 तारखेला, शनिवारी दुपारी तीनला, बारा वर्षांनी रोनाल्डो पुन्हा युनायटेडकडून त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर उतरणार होता. माझ्या खोलीपासून मैदान सायकलने जाता येईल इतकं जवळ.

आणि ती मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर नव्हती! मला हे तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात तिकडे फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे. 1960 च्या दशकापासूनचा नियम. लोक घरी मोठ्या टीमची मॅच बघत बसले तर गावातल्या छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण जाणार, असा विचार. विचार चांगला आहे हो, पण मी क्वारंटाइनमध्ये होतो, मला कुठल्याच मैदानावर जायची परवानगी नव्हती. आपलं भारतातलं ॲप उघडलं तर "तुमच्या देशात उपलब्ध नाही". हक्क देशागणिक विकलेले असतात. म्हणजे मॅच माझ्या शेजारी, आणि दिसणार कुठे, तर इंदिरानगरला आमच्या हॉलमध्ये.

बाबांना फोन लावला. बाबांना क्रिकेट कळतं, कबड्डी कळते, फुटबॉल शून्य. शिवाय घरी गणपती, दुसरा दिवस. "सांगतो की, त्यात काय," म्हणाले.

"सात नंबरवाला दिसतोय का?"
"दिसतोय. उभा आहे."
"पळत नाहीये?"
"नाही रे. कमरेवर हात ठेवून उभा आहे. आपला साठे कसा उभा राहायचा सोसायटीच्या मीटिंगला, तसा."

व्हिडिओ कॉलवर टीव्ही दाखवून पाहिला, पण नुसता हिरवा डाग दिसत होता. त्यापेक्षा बाबा बरे. पहिला हाफ संपत आला आणि मागून आईचा आवाज, "अहो, आरतीला या, सगळे थांबलेत." बाबांनी फोन टीव्हीच्या स्टँडवर ठेवला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि झांज घेतली असावी, कारण मला आता फक्त झांज ऐकू येत होती. टाळ्या, घंटा, शेजारच्या काकूंचा वरचा सूर. आणि मध्येच एका माणसाची झांज ताल सोडून दोनदा जोरात वाजली.

मी खोलीत एकटाच ओरडलो, "गेला का? बाबा, गेला का?"

आरती संपेपर्यंत कुणी उत्तर दिलं नाही. मग बाबा फोनजवळ येऊन हळूच म्हणाले, "गोलकीपरच्या हातून सुटला, आणि याने नुसता ढकलला. फार काही केलं नाही." रोनाल्डोच्या पुनरागमनाच्या गोलचं याहून नेमकं वर्णन मी अजून वाचलेलं नाही. मॅच 4-1. दुसऱ्या हाफला बाबा प्रसादाची वाटी घेऊन खुर्ची पुढे ओढून बसले होते.

आता तेच दर शनिवारी विचारतात, "आज आपली किती वाजता?" आपली!

गोदाकाठ:

@मु_पो_मँचेस्टर, झांजेला दंडवत. व्हीपीएन (फोन दुसऱ्या देशात आहे असं भासवणारं) का नाही लावलं, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारतो.

मु_पो_मँचेस्टर:

वर्गातल्या मुलांनी सुचवलं होतं. पण ॲपच्या अटींत ते बसत नाही, खातं बंद होऊ शकतं, आणि खातं बाबांच्या नावावर. शिवाय मग साठे कसा उभा राहायचा हे कळलं नसतं.

एकदाच_फसलो:

माझा अनुभव छोटा आणि लाजिरवाणा. पुण्याला परीक्षेला गेलो होतो, लॉजवर. एका ग्रुपवर लिंक आली, "फ्री एचडी, नो ॲड". उघडली तर चार जाहिराती, एक फुली दाबली की दोन नव्या खिडक्या. मग म्हणे "वय तपासण्यासाठी 1 रुपया", कार्ड नंबर टाका. टाकला. ओटीपीही टाकला. हाफटाइमला बँकेचा मेसेज, 4,999 गेले. मॅच दिसत होती ती गेल्या वर्षीची होती, हे जर्सीवरून नंतर कळलं. लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, कार्ड ब्लॉक केलं. पैसे थोडे परत आले, थोडे नाही. तेवढ्या पैशांत रीतसर वर्गणी कित्येक महिन्यांची झाली असती. फुकटच्या लिंका उघडू नका, इतकंच.

खुर्ची_नंबर_तीन:

18 डिसेंबर 2022. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये रात्री थांबायची माझी पाळी. रूममध्ये त्या, बाहेर पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मी. नवरा घरी मोठ्या टीव्हीसमोर, मित्रांसोबत, वडापाव मागवून. (हे मी त्याला अजून ऐकवते.) वर्ल्ड कपची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल साडेआठला.

शेजारच्या खुर्चीवर सुरगाण्याकडचा एक मुलगा, त्याचे वडील आत. त्याच्याही हातात तीच मॅच. आवाज दोघांचेही बंद, सिस्टरनी आधीच "ताई, आवाज नको" बजावलेलं. पहिला हाफ दोघंही आपापल्या फोनमध्ये. मेस्सीची पेनल्टी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा आधीच हसतोय. माझ्या फोनवर मेस्सी अजून बॉल ठेवत होता. त्याचा फोन माझ्यापेक्षा अर्धा मिनिट पुढे.

त्यालाही ते कळलं. मग बिचारा तोंड सरळ ठेवायला लागला. दुसरा गोल झाला तर भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत बसला. मध्यंतराला मी सासूबाईंना गोळ्या दिल्या. 80व्या मिनिटाला त्याने नुसता कपाळाला हात लावला, आणि माझ्याकडे अजून 2-0 होतं. ते अर्धं मिनिट मला अजून आठवतं. काहीतरी वाईट झालंय, माझ्याकडे यायचंय, आणि माझ्या फोनवर लोक अजून गाणी म्हणतायत. एक गोल पचतोय तोवर दुसरा. 2-2.

मी माझा फोन पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "सरक रे." पुढचं सगळं त्याच्या तडा गेलेल्या स्क्रीनवर. जादा वेळेत 3-2, मग 3-3, आणि अगदी शेवटी अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझने डावा पाय लांब करून अडवलेला तो बॉल. तेव्हा दोघांनीही तोंडावर हात दाबले. पेनल्टीला वॉचमन काका मागे येऊन उभे. अर्जेंटिनाच्या मोन्टिएलची शेवटची आत गेली तशी कुणीच ओरडलं नाही. वॉचमन काकांनी फक्त टोपी काढून परत घातली.

सकाळी त्याच्या वडिलांना दुसरीकडे हलवलं. नाव विचारायचं राहिलं.

टॉवरवाला:

वरच्या ताईंच्या अर्ध्या मिनिटाचं उत्तर देतो, माझं कामच ते आहे. मॅच मैदानातून सरळ तुमच्या फोनवर येत नाही. आधी प्रक्षेपकाकडे येते, तिथे व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जात तयार करून देशभरच्या सर्व्हरवर ठेवतात. तुमचा फोन असे दोन-तीन तुकडे आधी साठवतो आणि मग पहिला दाखवायला घेतो, म्हणजे मध्ये नेट अडखळलं तरी चित्र चालू राहावं. ही साठवण म्हणजेच उशीर. 30-40 सेकंद सहज. टीव्हीलाही काही सेकंद लागतात, पण कमी. मध्ये एकदा अडकून पुन्हा चालू झालं की तुम्ही अजून मागे पडता आणि तसेच मागे राहता. अशा वेळी मॅच बंद करून पुन्हा उघडा, बऱ्याचदा पुढे उडी मारते. त्या मुलाने बहुतेक उशिरा उघडली असेल, किंवा ताईंची कधीतरी अडकली असेल.

पंचवटीवाल्यांसाठी: प्रवासात दर्जा "ऑटो" वर ठेवू नका. रेंज आली की फोन हावरटासारखा मोठे तुकडे मागतो आणि तेवढ्यात बोगदा येतो. हाताने 360 वर आणा, तासाला अर्ध्या जीबीच्या आत काम होतं, फोनही कमी तापतो. आणि स्कोअर सांगणारे नोटिफिकेशन बंद करा. ते मजकुराचं असतं, चित्राच्या आधी पोचतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या मित्रांना बंद करायचं बटण मात्र आमच्या खात्याकडे नाही.

मिसळ_आणि_मॅच:

टॉवरवाले दादा, 360 वर बॉल दिसतो का पण? मला तर लोक गवतावर उगाच पळताना दिसतात.

टॉवरवाला:

बॉल दिसायला हवा असेल तर घरी बसा.

बाग_सिन्नर:

सगळ्यांचं वाचून लिहितोय. आम्ही सिन्नर तालुक्यातले, दोन एकर द्राक्ष. शेतीच्या थ्री फेज लाईटची पाळी असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची असली की माणूस शेतात. शहरातल्यांना चॅम्पियन्स लीगसाठी गजर लावून उठावं लागतं, आम्हाला महावितरण उठवतं.

2019, दुष्काळाचं वर्ष. एप्रिलची खरड छाटणी झालेली, काड्यांवर कोवळी फूट, आणि विहिरीला पाणी दोन-अडीच तासांपुरतं. 8 मेच्या रात्री साडेबाराला लिव्हरपूल-बार्सिलोना, पहिल्या मॅचमध्ये लिव्हरपूल 0-3 हरलेलं. त्यांचा सलाह नाही, फर्मिनो नाही. मित्र म्हणाले झोप. पण मला झोपायचं नव्हतंच, मोटर चालू करायची होती.

फोनला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. आमच्या भागात बिबट्या आहे, उसातून येतो, म्हणून रात्री शेतात माणसं रेडिओ मोठ्याने लावतात. मी कॉमेंट्री लावली, फुल आवाज. इंग्रजीला बिबट्या घाबरतो का माहीत नाही, पण त्या रात्री आला नाही. एका हातात बॅटरी, कानाला ड्रिपच्या फिल्टरचा आवाज. ओरिगीचा पहिला गोल सातव्या मिनिटाला. मग मध्यंतरानंतर वाइनाल्डम, लागोपाठ दोन, दोन्ही मॅच मिळून 3-3 बरोबरी. मी कठड्यावर उभा राहिलो. खाली विहीर, हे लक्षात आल्यावर बसलो.

79वं मिनिट. बागेत कुठेतरी नळी निसटल्याचा आवाज आला, फर्र असा. दुष्काळात पाणी असं वाया जाऊ द्यायचं? बॅटरी घेऊन पळालो. तिसऱ्या ओळीत लॅटरल निसटलेली, ती बसवली, हात चिखलाने भरलेले. तेवढ्यात मागून कॉमेंट्रीवाला असा ओरडला की मला आधी वाटलं बिबट्याच आला. पळत येऊन बघतो तर 4-0. रिप्लेमध्ये दिसलं: तो अलेक्झांडर-अर्नॉल्ड कॉर्नर सोडून चालला, आणि एकदम वळून मारला. बार्सिलोनाची अख्खी पोरं पाठ करून उभी, माझ्यासारखीच.

चिखलाच्या हाताने फोन धरला म्हणून स्क्रीनवर अजून एक डाग आहे. पुसत नाही.

मिसळ_आणि_मॅच:

दादा, एक शंका. मॅच साडेबाराला सुरू, संपली अडीचच्या सुमाराला. विहिरीला पाणी दोन-अडीच तासांचं. मोटर कधी बंद केली?

गोदाकाठ:

मलाही हेच विचारायचं होतं.

बाग_सिन्नर:

शहरातल्या लोकांना हिशेब फार येतो.

मोटर मॅचच्या तासभर आधी चालू केली होती. शेवटची शिट्टी वाजली, आणि मी तिथेच बसून सगळे रडत-गात होते ते बघत राहिलो. फिल्टरचा आवाज केव्हाच थांबलेला, पण कॉमेंट्री फुल होती ना. पाणी तुटून मोटर कोरडी चालली. बऱ्याच वेळाने वास आला.

रिवाइंडिंगला साडेतीन हजार गेले. घरी व्होल्टेजचं सांगितलंय. मंडळी हा धागा वाचत नाहीत, तुम्हीही कुणी पुढे पाठवू नका.